आंघोळीपुरतं पाणी

“मॅडम, शेतीचे फीडर बंदच ठेवा. मी सांगेपर्यंत सोडू नका,” असा साहेबांचा फोन वाशिमहून आला, तेव्हा गजानन माझ्यासमोरच उभा होता.

आसेगावच्या बाजूला एका सबस्टेशनची मी इंजिनिअर. गजानन जवळच्या आंध आदिवासींच्या वाडीतला. डोळे सुजलेले, अंगात कालचाच शर्ट.

“बुढा गेला मॅडम, माहा बाप, पहाटी. त्याले आंघोळ घालाची हाये. टाकीत थेंब नाही. अर्धा घंटा लाइन सोडा.”

सबस्टेशनमधून निघणाऱ्या वेगवेगळ्या लाइनींना फीडर म्हणतात. गावठाणचा घरांसाठी, शेतीचा मोटारींसाठी. दूर समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रातला एक संच बिघाडाने बंद पडला होता. त्यात मे महिना. वीज कमी पडली की कुठेतरी तोडावी लागते, आणि पहिला नंबर शेतीचा. वाडीच्या पिण्याच्या पाण्याची मोटर धरणाकाठी, वावरांच्या मधोमध. म्हणून तीही शेतीच्याच फीडरवर.

धरण आटून पाणी आत सरकलं होतं. काठाला कंबरभर गाळ, उतरायची सोय नाही.

“त्या धरणात आमचीच वावरं गेली,” गजानन म्हणाला. “तवा सरकारी लोकं म्हनले, पाण्यावर पयला हक तुमचा. बुढा लोकाइले सांगत राहे.”

मी साहेबांना फोन लावला.

“मयत आहे सर. अर्धा तास द्या.”

“फीडर सोडला की सगळ्या वावरातल्या मोटारी एकदम उठतील. तो लोड कुठून देऊ?”

खरंच होतं ते. बहुतेक मोटारींना ऑटो स्विच; वीज आली की त्या आपोआप चालू होतात.

“आणि शेतकऱ्यांनी स्विच काढून ठेवले तर? मग वाडीची एकच मोटर चालेल.”

“वर विचारतो.”

गजानन निघाला. सबस्टेशनलाही पाणी टँकरचंच. अर्धा कॅन उरला होता, तो त्याच्या गाडीला बांधून दिला. स्विच काढून ठेवा, असं सांगत तो वावरावावरात फिरला. कुणीच नाही म्हटलं नाही. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर पेटीतला फ्यूजच काढून खिशात घातला.

परवानगी दुपार कलल्यावर आली. मी लाइन सोडली आणि लाइनमनसोबत वाडीवर गेले. टाकीत पाणी पडत होतं. आवाज ऐकू यावा इतकी वाडी गप्प.

“माती झाली,” गजानन म्हणाला. “उनाचं किती ठेवाव? लेकरं तहानली होती, कॅन त्याइलेच दिला. उरल्या पाण्यात फडकं भिजवून आंग पुसलं.”

त्याची आई नळाखाली घागर लावून बसली होती. घागर भरली, वाहू लागली, तरी ती उठेना. मी नळ बंद केला. तिने माझ्याकडे पाहिलं.

“आता कोणाले घालू, बाई?”



पुढे पाठपुरावा करून ती मोटर गावठाण फीडरवर घेतली. चार खांब आणि थोडी तार, एवढंच काम होतं. वाडीवाले ते कितीतरी वर्षं मागत होते.

वीज तोडायचा आदेश आजही येतो. त्यात नुसतं ‘शेती’ म्हटलेलं असतं. त्या तारेवर कुणाचं पिण्याचं पाणी आहे, ते आपणच आधी जाऊन बघायचं असतं.