गप्प झालेला सर्व्हर

आमच्या रक्तपेढीतल्या दोन सर्व्हरना मिळून नोंदींची एकच डिस्क होती. तिच्यावर एका वेळी एकानेच लिहायचं. एका दुपारी पहिला सर्व्हर उत्तर देईना. बाहेर रक्तासाठी रुग्णांचे नातेवाईक ताटकळले होते.

“दुसरा सुरू कर ना!” मी यंत्रणा सांभाळणाऱ्या वसुधाला म्हणालो.

“नाही. पहिला गप्प आहे, पण त्याचं लिहिणं थांबलंय कशावरून? दोघांनी एकदम लिहिलं तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर जाईल.”

लोकांची ओरड ऐकूनही ती बधली नाही. पहिल्याची वीज तोडली, दिवा विझलेला पाहिला, मगच दुसऱ्याला डिस्क दिली. नोंदी शाबूत होत्या.

कुणी गप्प झालं की त्याचं संपलं, असं आपण किती चटकन धरून चालतो!

वसुधाने रक्ताच्या पिशवीवरचा गट मोठ्याने वाचला आणि पिशवी खिडकीतून बाहेर दिली.