गळ्यातला पट्टा

सेलूच्या स्टँडवरून बस सुटताना अप्पा खिडकीशी आले. माझे वडील, प्राथमिक शाळेतले मास्तर. निरोपही वर्गात दिल्यासारखा. "अडलास तर खोडत बसू नको. पाटी पुस आणि पहिल्यापासून लिही." मी प्रोग्रामर व्हायला निघालो होतो.

झालोही. मग बढत्या मिळाल्या, पदनाम लांबत गेलं आणि प्रोग्राम लिहिणं सुटलं. शेवटी मी 'प्रिन्सिपल सोल्युशन आर्किटेक्ट' होतो, म्हणजे इतरांच्या कोडविषयी स्लाइड्स करायचो. चौकोन काढायचे, बाण जोडायचे. गावाकडे अप्पा ते पदनाम न अडखळता म्हणून दाखवत. चाळिशी उलटल्यावर कंपनीला चौकोन नकोसे झाले. एका मीटिंगमध्ये माझे आभार मानले आणि आयकार्ड पट्ट्यासकट काढून घेतलं.

पुण्याजवळ घोटावड्यात आम्ही भाड्याने राहतो. खरं फक्त बायकोला ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी मी रोज डबा घेऊन निघायचो आणि हिंजवडीच्या ऑफिसऐवजी जवळच्या रिह्याच्या खोऱ्यात, एका बंद फार्महाउसच्या भिंतीला टेकून लॅपटॉप उघडायचो. इंटरव्ह्यू तिथूनच. स्क्रीनवरची पोरं नम्रपणे एखादा सोपा प्रोग्राम लिहायला सांगत. माझी बोटं कीबोर्डवर नुसती पडलेली. "टेक युअर टाइम, सर," एक जण म्हणाला. त्या 'सर'पेक्षा शिवी बरी.

एका सकाळी घरमालक बबनकाकांनी फाटकातच अडवलं.

"सायेब, गळ्यातला पट्टा कुटं गेला? लई दिस दिसला न्हाई."

खोटं सुचेना. "काढलं मला, काका."

"मंग डबा घेऊन कुटं जाताय?"

"रिह्याला. बसायला. इंटरव्ह्यूला बोलावलं तर तिथूनच देतो."

काका खो खो हसले. काम नसलेल्याला आमच्या आयटीत 'बेंचवर' म्हणतात. तो शब्द त्यांनी भाडेकरूंकडूनच उचललेला. "जमीन इकल्यापास्नं मीबी बेंचवरच हाय की. सकाळी उटून बांधावर जातुया. आता तितला वॉचमन हाकलतोय." मग हसू ओसरलं. "तुमाला निदान कुनी बोलावतंय तरी."

मी माघारी फिरलो आणि अप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"आता लिहिता येतं का तुला?"

"नाही, अप्पा. विसरलो."

"बरं," ते म्हणाले. "मग पाटी कोरीच आहे."

अर्जातून मी पदनाम काढलं. आता साध्या प्रोग्रामरच्या जागा शोधतो आणि रोज एक छोटा प्रोग्राम लिहितो. बहुतेक वेळा अडतो. नोकरी अजून नाही आणि पहाटे छातीवर जे ओझं बसतं, तेही उठलेलं नाही.

गावाकडचे विचारतात, घरी कधी येतोस? पूर्वी घर म्हणजे सेलू, यात मला शंका नव्हती. आता डबा घोटावड्यातच, ओट्यावर उघडतो. काका शेजारी येऊन टेकतात.

"चालला का पोग्राम आज?"

"नाही."

"मंग जेवा आदी."