डोळे मिटून मतदान

लेकीला आणायला गेले तेव्हा वर्गात मॉनिटरची निवडणूक चालली होती. "बाकावर डोकं ठेवा, डोळे मिटा आणि हात वर करा," बाई म्हणाल्या. "मतदान गुप्त असतं."

मी खिडकीशी उभी होते. सगळ्या वर्गात उघडे डोळे फक्त बाईंचे. हात त्याच मोजणार, निकालही त्याच सांगणार. मत गुप्त असावं हे कळतं, पण मोजणीही गुप्त? एका मुलीने बोटांच्या फटीतून पाहिलं, तर बाई ओरडल्या, "चांगली मुलं चोरून बघत नाहीत."

मग पहिल्या बाकावरच्या मुलाचं नाव जाहीर झालं. मला त्याच्यापेक्षा त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलीसाठी जास्त हात दिसले होते. खिडकीतून तसं वाटलं असेल, कोण जाणे. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या.

वाटेत लेकीला विचारलं, "किती हात होते गं?"

"मला काय माहीत? मी डोळे अगदी घट्ट मिटले होते," ती अभिमानाने म्हणाली.

बाईंपेक्षा मला त्या अभिमानाचीच जास्त भीती वाटली.

"आणि बाई जिला ओरडल्या, ती कोण?"

"ती ना, फार आगाऊ आहे."

"रविवारी तिला आपल्याकडे खेळायला बोलाव," मी म्हटलं.