कागल सोडून चंदगड

लेकीच्या घरी कागलला निघालेली मी एकदा चंदगडला जाऊन आले. आपण चुकीच्या गाडीत बसलोय हे गाडी कोल्हापूरच्या स्टँडातून बाहेर पडता पडताच मला कळलं होतं. तरी गेले. चांगला अख्खा दिवस खर्ची घालून गेले. कारण एवढंच, की ‘चुकले’ म्हणायची लाज वाटली.

ही बाई तेव्हा पंचेचाळिशीची होती. आज कुठं भेटली तर आधी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन, मग चहा पाजीन.

आमचे हे जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगा पुण्याला नोकरीत. लेक लग्न होऊन कागलला. जावई साखर कारखान्यात. शाहूपुरीतल्या घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, दोघंच. हे असताना मी एकटीनं कधी एसटीत पाय ठेवला नव्हता. हे पुढं, पिशवी घेऊन मी मागं. गाडी कुठली, तिकीट केवढं, हे त्यांनी बघायचं. मी खिडकी बघायची. आणि आता जो तो म्हणत होता, ‘हिचं एकटीचं कसं व्हायचं?’ मला दाखवून द्यायचं होतं, की होतंय. चुकले असते तर ते सगळे खरे ठरले असते.

म्हणून बाईसाहेबांनी डोकं काय चालवलं, तर हे नेहमी ज्या फलाटावर उभे राहायचे तिथंच जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथं जी गाडी लागली तीत चढल्या. पाटी वाचली नाही. वाचता येत होतं, चांगली सातवी पास होते. पण पाटीकडं टक लावून बघणारी बाई नवखी दिसते, आणि मला नवखं दिसायचं नव्हतं.

गाडी हलली तसा कंडक्टर ओरडला, "चंदगड, चंदगड! विनाथांबा हाय. गडहिंग्लजशिवाय मधी कुठंबी थांबायची न्हाई. चुकून कोण चढलंय का? आत्ताच उतरा!"

मी पिशवी उचलली. कोपऱ्यातला एक म्हातारा मुंडासं सावरत उठला. "मला इचलकरंजीला जायाचं हाय," म्हणाला. सगळी गाडी हसली. "पावणं, डोळं घरात ठिवून आलाय व्हय?" कुणीतरी म्हणालं. म्हाताराही हसला, उतरला आणि आपल्या वाटेनं गेला.

त्याच्या मागोमाग उतरायचं की नाही? पण ते हसणं माझ्या कानात बसलं होतं. कंडक्टर माझ्यापाशी आला. "मावशी, तुमचं कुठलं?"

"चंदगड," मी म्हणाले. अशा ठसक्यात म्हणाले, की जणू माझं माहेरच तिथं होतं.

मग कागल आलं. लेकीच्या घराकडं वळणारा रस्ता खिडकीतून दिसला. गाडी हायवेवरून सरळ पुढं गेली. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले. पिशवीत लेकीसाठी चटणीची बरणी होती आणि तिला आवडतात म्हणून केलेली धपाटी.

शेजारची बाई चंदगडची निघाली, आणि बोलकी. "कुणाकडं चाललाय?"

"बहिणीकडं."

"कुठल्या गल्लीत असती?"

"स्टँडच्या मागं."

"अगंबया! आमचं घर तिथंच की. नाव काय त्यांचं?"

मला सख्खी बहीण नाही. चुलत आहे, ती सांगलीत. मी खिडकीकडं तोंड फिरवून झोपेचं सोंग घेतलं. बाई बिचारी चांगली. चंदगड आल्यावर हलवून उठवलं. "चला, दारापत्तुर पोचवते," म्हणाली. मी तिला काहीतरी थाप मारली आणि बायकांच्या मुतारीत शिरले. ती जाईपर्यंत तिथंच उभी. नाक दाबून.

चंदगडात पाऊस होता. तिथं तो असतोच. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर, जिथं पाणी गळत नव्हतं अशा टोकाला, मी परतीच्या गाडीची वाट बघत बसले. भूक लागली तशी लेकीची धपाटी काढली आणि सगळी खाल्ली. खाताना कुणी बघत नाही ना, हेही बघत होते. त्या गावात मला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं, तरी.

परतीच्या गाडीला कंडक्टर तोच, जाताना आमचं बोलणं ऐकलेला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मावशी, बहीण घरात न्हवती व्हय?"

"न्हवती," मी म्हणाले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. येताना सगळ्या वाटेनं मी एक झकास थाप रचत आले होते. उशीर का झाला, कुठं गेलते, सगळं. कुलूप काढलं, दिवा लावला, आणि लक्षात आलं, की ती थाप ऐकायला घरात कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडं लेकीचा फोन आला. "आई, काल आली न्हाईस?"

"ताप आलता."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर मी एकटी कागलला गेलेच नाही. कोण न्यायला आलं तर जायचे. जावई दोनदा आले, मग त्यांना सुट्टी मिळेना. मुलगा म्हणायचा, पुढच्या महिन्यात येतो. पुढचा महिना पुढंच राहायचा. लेक बाळंतपणाला माझ्याकडं आली, बाळ घेऊन परत गेली, घर पुन्हा घड्याळाचं झालं. घरात फोन आला, पण तो वाजायचा कमी कमी होत गेला. संध्याकाळी भाजीच्या निमित्तानं मी स्टँडवर जायचे. कागलची गाडी कुठं लागते, किती वाजता सुटते, सगळं मला पाठ झालं. स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना मी कागलच्या गाडीत बसवून दिलं असेल. गाडी सुटली की कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी.

एका दिवाळीला लेक आली नाही. मी फोन लावला, तो नातीनं उचलला. बोबडं बोलायला लागली होती. "कोण बोल्तंय?"

"अगं, आज्जी बोलतेय."

"आज्जी हितं हाय," ती म्हणाली. बरोबरच होतं. तिची दुसरी आज्जी तिच्या शेजारीच बसलेली असणार. नातीनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर उभी. पाटी वाचली. मग कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, शेंगदाणेवाल्यालाही विचारलं. शेंगदाणेवाला म्हणाला, "मावशी, आता गाडीलाच इचारा." चढले एकदाची. आणि कागल सोडून गाडी पुढं जाऊ नये या धसक्यानं एवढी ताठ बसले, की एक फाटा दिसताच उभी राहून किंचाळले, "थांबवा! माझं कागल आलं!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मी खाली उतरले. समोर नुसता ऊस.

कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, "अवो, कागल लांब हाय अजून! हितं काय उसाला पाणी पाजताय व्हय?"

गाडी हसली. अगदी तशीच, म्हाताऱ्याला हसली होती तशी. माझे कान तापले. पण गाडी पुढं जाईल आणि मी उसात राहीन, हे त्याहून वाईट होतं.

"चुकले बाबा," मी म्हणाले. "घ्या परत वर."

त्यानं हात दिला. एका पोरीनं सरकून जागा दिली. पुढचा पूल यायच्या आत सगळे आपापल्या गप्पांना लागले होते. कुणाला माझी आठवणही नव्हती. एवढंसंच असतं ते हसणं? मला रडू आलं, ते हसले म्हणून नाही.

लेकीनं दार उघडलं, माझ्या मागं बघितलं. "कुणाबरोबर आलीस?"

"एकटी."

नात तिच्या पदराआडून मला न्याहाळत होती. चहा पिताना मी लेकीला चंदगडचं सगळं सांगितलं. बहीण, मुतारी, धपाटी, काही ठेवलं नाही. मला वाटलं, खो-खो हसेल. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली,

"आई, त्या दिवशी मी दुपारपत्तुर स्टँडवर तुझी वाट बघत बसलेवते. तुला ताप न्हवता, ते मला तवाच तुझ्या आवाजावरनं कळलंवतं. मला वाटलं, लेकीचं दोन खोल्यांचं घर काय बघायचं, म्हणून आली न्हाईस. गाडी चुकली एवढंच सांगायचंस की गं, मी हसले असते आणि दुसऱ्या दिवशी तुला न्यायला आले असते."