गाडीला हात लावू नका

मी आणि नाईक तानाजी जत तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच पलटणीतले. पोस्टिंग उत्तरेच्या सरहद्दीवर. तो गाड्यांवर ड्रायव्हर, मी रेडिओ सेटवर. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. नोकरीत राहून झालो, हे मी अभिमानानं सांगतो.

सुट्टी संपली की तानाजी स्वतःची मोटारसायकल बांधून ठेवायचा. त्या खेपेला पुढची सुट्टी दोनच महिन्यांनी होती, त्याच्या बहिणीच्या लग्नाला. तरी मिरजेहून रेल्वे धरायच्या आदल्या दिवशी त्यानं गाडी धुतली, उन्हात वाळवली, चेनला ऑइल दिलं. गंज धरू नये म्हणून टाकी गच्च भरली. मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवलं. कार्बोरेटर रिकामा झाला आणि गाडी आपोआप बंद पडली. बॅटरीची वायर सोडली. गाडी मेन स्टँडवर घेतली.

सायलेन्सरमध्ये फडक्याचा बोळा कोंबायचं काम माझ्याकडे.

"ग्रॅज्युएट, घट्ट बसव. उंदराला डिग्री कळत न्हाई."

त्याचे वडील, अण्णा, बाजूला उभे होते. "तान्या, मी रोज एक किक मारीन की. घरात आवाज तर हुईल."

"अण्णा, दोन मिनिटांत इंजिन तापत न्हाई. आत पाणी धरतंय. मी येस्तवर गाडीला हात लावू नका."

"बरं बाबा, साहेब."

महिन्याभरानं आमचा रेशनच्या गाड्यांचा कॉन्व्हॉय वर पोस्टकडं निघाला. पुढच्या गाडीत तानाजी एकटा. मागच्या गाडीत सात जवान. मी पोस्टवर, सेटवर. वळणावर त्याचा आवाज आला.

"वरनं दगड येतायत. मागची गाडी थांबव. ओव्हर."

मी मागच्या गाडीला थांबवलं. "थांबली. तू मागं घे. ओव्हर."

उत्तर आलं नाही. सातही जवान सुखरूप परतले. तानाजीला आम्ही दुसऱ्या दिवशी खाली आणलं.

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर आलो. गाडी तशीच स्टँडवर, वर गोणपाट. अण्णांनी वर्षभर कुणाला शिवू दिली नव्हती. टाकीतलं पेट्रोल वास मारत होतं. तशीच राहिली असती तर गाडी कायमची गेली असती.

"अण्णा, मी गाडी चालू करतो."

"न्हाई. त्यानं न्हाई म्हणून सांगितलंय."

"आवं, त्याची ऑर्डर दोन महिन्यांची हुती. ती संपली. हितनं पुढं मी सांगतो."

 अण्णांनीच पुढं होऊन गोणपाट ओढलं.

जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं, बॅटरी चार्ज करून आणली. बोळा काढला तो अण्णांनी मागून घेतला. तिसऱ्या किकला गाडी लागली. तानाजीनं ठेवलेली गाडी, लागणारच. अण्णांना मागं बसवून गावाला फेरी मारली. शाळेपुढं तानाजीच्या नावाचा दगड आहे. तिथं गाडी चालूच ठेवून दोघं उतरलो. मी सॅल्यूट केला.

आता मी रिटायर्ड आहे. अण्णा स्वतः गाडी चालवतात. गेल्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला लेकीकडं राहायला निघाले, तेव्हा मी मदतीला गेलो. माझी गरजच नव्हती. टाकी भरलेली, कॉक बंद, वायर सोडलेली. तोच बोळा त्यांनी स्वतः बसवला.

शेजारी म्हणाला, "अण्णा, मी मधनं अधनं चालू करत जाईन."

"हात लावायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "तानाजीनं सांगितलंय."