न उघडलेली गोळी

केटल खोऱ्यात एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, मारायचा परवाना रोवेना टॅकेटला लागला तेव्हा शाळेला नुकतीच सुट्टी पडली होती आणि ती आपली रिकामी बस आतून धूत होती. फोनवर निकाल वाचून ती बसच्या पायरीवरच बसली. त्या खोऱ्याची सोडत लागावी म्हणून अमेरिकेतल्या वायोमिंगमधली माणसं उभी हयात अर्ज भरतात. तिच्या वडिलांनी भरले आणि नाव न लागताच ते गेले. आता पन्नाशी ओलांडल्यावर तिला लागलं होतं, आणि पुन्हा कधी लागणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने पहिला फोन केला तो धाकट्या भावाला, डेलमारला.

"डेल, केटल लागलं!"

"थट्टा करू नकोस हं, रो."

"बाबांची शपथ."

पलीकडून त्याने अशी काही आरोळी ठोकली की तिने फोन कानापासून लांब धरला.

वडिलांनी दोघांना एकाच रायफलीवर शिकवलं होतं, जुन्या थर्टी-ऑट-सिक्सवर. पुढे रोवेना गावातच राहिली, बस चालवू लागली, आणि दर शरदात एक एल्क मारून वर्षाचं मांस घरात आणू लागली. काडतुसं ती स्वतःच भरायची: गॅरेजमधल्या फळीवर पितळी नळ्या साफ करायच्या, दारू तोलायची, वर गोळी बसवायची. डेलमारची नेमबाजी तिच्याहून सरस आणि जीभ तर त्याहून सरस. लांब पल्ल्याच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीने त्याला उचललं. त्यांच्या फिल्ममध्ये तो डोंगरावर पालथा पडून सात-आठशे यार्डांवरचं जनावर टिपायचा, मग कॅमेऱ्याकडे वळून गोळीचं नाव घ्यायचा. गावात त्याचा रुबाब होता. रोवेनालाही त्याचं कौतुकच होतं.

केटल खोरं म्हणजे झाडं उगवायची थांबतात त्या उंचीवरचं, उघडंबोडकं. तिथला एल्क माणसाला लांबूनच हेरतो. तीनशे यार्डांच्या पुढे रोवेनाने आयुष्यात बार काढला नव्हता. इथे सहाशेची तयारी हवी होती. पुढच्याच रविवारी डेलमार आला आणि बहीणभाऊ गॅरेजमध्ये बसले.

"थ्री-हंड्रेड मॅग्नम घे," तो म्हणाला. "डोंगर हलवेल."

"डोंगराआधी माझा खांदा हलवेल. बसचं स्टिअरिंग ओढून ओढून आधीच कामातून गेलाय तो. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटून मारलेली मोठी गोळी काय कामाची?"

"मग सेव्हन-एमएम मॅग्नम. धक्का कमी, गोळी लांबुळकी, वाऱ्याला कमी वाहते. तुला हेच बरं."

नवी रायफल आणि तिचं काडतूस ठरलं. राहिली गोळी, आणि खरा प्रश्न तोच होता. रोवेना आजवर वापरायची ती तांब्याच्या वेष्टणात शिसं घट्ट चिकटवलेली गोळी: मांसात शिरली की तिचं तोंड छत्रीसारखं फुलायचं आणि जनावर चार पावलांत कोसळायचं. तिच्या आकारामुळे ती लांबवर जरा जास्त खाली पडायची, एवढाच दोष. डेलमारने खिशातून त्याच्या कंपनीची नवी गोळी काढून फळीवर उभी केली. निव्वळ तांब्याची, सुईसारखी निमुळती.

रोवेनाने ती बोटांत फिरवून पाहिली. "उडेल छान, दिसतंच आहे. पण सहाशेवर पोचेपर्यंत हिचा वेग किती उतरलेला असेल. तेव्हा तोंड उघडतं का हिचं? नाहीतर सुई टोचल्यासारखी आरपार जायची, आणि बिचारं जनावर रानात तडफडत मरायचं."

"अगं, हजारावर उघडते!"

"कंपनी सांगते ते नको. तू स्वतः पाहिलंयस?"

"रो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," डेलमार म्हणाला. "तुला मी खोटं सांगेन होय?"

मग तिने पुढे विचारलं नाही. ती माणसांवर सहजी विश्वास ठेवणारी नव्हती, पण हा तिचा भाऊ होता. त्याला सायकल तिनेच शिकवली होती.

उन्हाळाभर ती गावाबाहेरच्या माळावर लोखंडी पाट्यांवर सराव करत राहिली. गोळी खरोखरच देखणी उडायची. सहाशेवरून पाटीचा टण्ण आवाज यायचा तेव्हा तिचा ऊर भरून यायचा. मध्येच डेलमार म्हणाला, कंपनीला तुझी फिल्म काढायचीय, बस चालवणारी बाई, वडिलांचं राहिलेलं स्वप्न, लोक वेडे होतील. ती म्हणाली, शिकारीत मला कॅमेरा नको, नंतर काय बोलायचं ते बोलेन.

ऑक्टोबरात ती खोऱ्यात गेली. डेलमार सोबत होता, कॅमेऱ्याविना. तिसऱ्या सकाळी समोरच्या उतारावर एक दांडगा नर एकटाच चरताना दिसला. वारा पडलेला होता. रोवेनाने पाठपिशवीवर रायफल टेकवली, अंतर मोजलं, दुर्बिणीची चकती फिरवली आणि जनावराची पूर्ण कूस समोर येईपर्यंत दम धरला. बार झाला.

"लागली!" डेलमार कुजबुजला. "खांद्यामागे, बरोब्बर!"

नराने अंग झाडलं, गोमाशी बसावी तसं. मग तो चालत, धावतसुद्धा नाही, चालत खालच्या झाडीत शिरला. दुसऱ्या बाराला त्याने संधीच दिली नाही.

दरी उतरून पलीकडे चढायला त्यांना बराच वेळ लागला. नर उभा होता तिथे केसांचा एक झुबका आणि रक्ताचे बोटभर डाग होते. झाडीत तेही थांबले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पडलेल्या ओंडक्यांखालून रांगत, ओढ्याच्या कडेने, सगळं रान विंचरून काढलं. मग बर्फ पडायला लागलं आणि उरलेसुरले माग बुजले.

"चल आता," डेलमार म्हणाला. "परवाना अजून कोरा आहे. मोसम संपलेला नाही. दुसरा शोधू."

"दुसरा?" रोवेनाने झाडीकडे बोट दाखवलं. "माझा एल्क त्या झाडीत मरून पडलाय, डेल."

"कायदा तसं म्हणत नाही. जनावर हाती लागलं नाही तर..."

तिने खिशातून परवाना काढला, सुरीने त्यावरची तारीख कापली, सही केली आणि शिकार झाली असं धरून तो रद्द करून टाकला. घरी येईपर्यंत ती स्वतःलाच कोसत होती. हात हलला असेल, वारा चुकला असेल, एवढ्या लांबून मारायची हाव का धरली. डेलमार गाडी चालवत होता. "होतं असं कधीकधी," एवढंच तो म्हणाला.

नोव्हेंबरात तिचा फ्रीजर रिकामा होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती बर्नार्ड इतुर्बेच्या दुकानात विकतचं मांस घ्यायला गेली. बर्नार्ड स्पेनकडून आलेल्या बास्क धनगरांच्या घरातला, शिकारीची जनावरं कापून पुडे बांधून देणारा. मांसात सापडलेली गोळी ज्याची त्याला परत द्यायची त्याची पद्धत होती.

"अगं, तुझ्या भावाची गोळी पडून आहे बघ," तो म्हणाला. "सप्टेंबरात फिल्मवाल्यांबरोबर मारला ना त्याने, त्या एल्कची. पलीकडच्या कातड्याखाली अडकली होती. घेऊन जा."

तिच्या तळहातावर त्याने एक फुललेलं फूल ठेवलं: तांब्याच्या पाकळ्या, मधे राखाडी शिसं.

"ही त्याचीच?"

"त्या दिवशी दुकानात दुसरं जनावरच नव्हतं. का गं?"

फिल्म तिने पाहिली होती. त्यात डेलमार मेलेल्या एल्कच्या शिंगांवर हात ठेवून कंपनीच्या तांब्याच्या गोळीचे गोडवे गात होता. आणि तांब्याच्या गोळीत शिसं नसतं.

ती तडक त्याच्या घरी गेली. तो अंगणात ट्रक धूत होता. तिने गोळी बॉनेटवर ठेवली. त्याने ती बघितली आणि पाण्याचा नळ बंद केला.

"ऐकून तरी घे, रो."

"तू स्वतः ती गोळी वापरत नाहीस."

"वसंतातच आम्हाला कळलं होतं. चारशेच्या पुढे उघडत नाही. मी कंपनीला सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी दुरुस्त करू, तोवर बोलू नका."

"वसंतात. म्हणजे माझ्या गॅरेजमध्ये बसला होतास तेव्हा तुला माहीत होतं."

"एखादी उघडतेही गं! मला वाटलं, तू जवळ जाऊन मारशील. आणि ती फिल्म... त्यांना तू हवी होतीस. मी शब्द दिला होता."

"मी दोन दिवस चिखलात रांगत होते, डेल. माझाच हात चुकला म्हणून रडत होते. तू शेजारी होतास. शेजारी!"

"तेव्हा सांगून काय उपयोग होता?"

परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. ज्याच्या हातात मान द्यावी त्यानेच केसाने गळा कापला तर शिव्या देऊनही मोकळं होता येत नाही. गोळी बॉनेटवरच ठेवून ती निघून आली.

हिवाळ्यात शिकारी मंडळाची वार्षिक जेवणावळ झाली. जेवणावळीचा खर्च उचलणाऱ्या कंपनीने तिला आमंत्रण धाडलं होतं, चार शब्द बोला म्हणून. डेलमारला वाटलं, बहीण येणारच नाही. ती आली, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि आपली पाळी आल्यावर उठली.

"मी सहाशे यार्डांवरून खांद्यामागे मारलं," ती म्हणाली. "नेम चुकला नव्हता. गोळी उघडली नाही आणि एल्क रानात कुजला. ही गोळी लांबवर उघडत नाही हे बनवणाऱ्यांना माहीत आहे. माझ्या भावालाही माहीत होतं. लांबून मारायचं असेल तर आधी हे विचारा, आणि ज्याचं पोट त्या गोळीवर भरत नाही अशा माणसाला विचारा."

टाळी पडली नाही. ताटातले काटे-चमचे तेवढे वाजत राहिले. डेलमार मान खाली घालून बसला होता.

पुढे कंपनीने डेलमारला काढलं. गोळी मात्र खोक्याचा रंग बदलून दुकानात येतच राहिली. गावात रोवेनाला शाबासकी मिळाली असं नाही. घरातली धुणी चव्हाट्यावर धुतली म्हणून बायका तिच्याकडे बघून आवाज खाली करायच्या. काही जुने शिकारी येऊन तिचा हात दाबून गेले, तेही आजूबाजूला बघून.

एप्रिलात डेलमार तिच्या दारात आला. तिने पोर्चवरच त्याला कॉफी दिली. आत ये म्हणाली नाही.

"जुन्या गोळ्या घेऊन या वर्षी आपण दोघंच खाली जंगलात जाऊ," तो म्हणाला. "जवळून मारू, बाबा शिकवायचे तसं."

"मी बर्नार्डबरोबर जायचं ठरवलंय."

"आणि माझ्याबरोबर?"

रोवेनाने त्याचा रिकामा कप घेतला. "तुझ्याबरोबर गेले तर मला जनावराकडे बघायला हवं की तुझ्याकडे, तेच कळणार नाही," ती म्हणाली, आणि कप विसळायला आत गेली.