चलनावरची सही

"आडनाव काय?" शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतल्या मॅनेजरनं विचारलं. मी सांगितलं. माझ्यासाठी पुढं केलेली खुर्ची त्यानं पायानं मागं ओढली आणि तिच्यावर फाइल ठेवली. मी उभीच.

मी गारखेड्यात शाळेचे गणवेश शिवते. बारा वर्षं झाली. या कंपनीची विजेच्या मोटारीवरची नवी शिलाई मशीन घेतली, ती पहिल्या टाक्यालाच अडली. तीच तक्रार घेऊन गेले होते.

त्यानं मशीन पोचवल्याचं चलन समोर टाकलं. 'सकाळी अकरा वाजता मशीन चालवून दाखवली.' खाली माझी सही. टेम्पोवाले खोकं उघडायच्या आधीच सही घेतात. आमच्याकडं सगळेच देतात, मीही दिली. "करा ना बाई पटकन, लई घरं राहिलीत अजून," टेम्पोवाला म्हणाला होता.

"मशीन चांगलीय. तुम्ही लोक अडाणी. चालवता येत नाही तर घेता कशाला?" मॅनेजर म्हणाला. शेजारचे दोघं हसले. मी तशीच बाहेर पडले. परत येताना रिक्षात मला माझीच लाज वाटली. मग त्या लाजेचाच संताप आला. अपमान त्यांनी केला, लाज मी का वागवू?

ग्राहक आयोगातली तक्रार मीच लिहिली. वकील लावला नाही. तारखेला कंपनीचा वकील तेच चलन नाचवत उभा राहिला. मी मोबाइल पुढं केला. मशीन आली त्या दिवशीचा वीजवाल्यांचा मेसेज पुसायचा राहिला होता: दुरुस्तीसाठी सकाळी नऊ ते दुपारी तीन वीज बंद.

"साहेब, लाइटच नव्हती. मग मशीन चालवली कशावर?"

वकील कागद चाळत राहिला.

बाहेर जिन्यात मॅनेजर एकदम गोड झाला. "ताई, उद्याच नवी मशीन पाठवतो. केस मागं घ्या. फक्त इथं सही करा."

मी कागद वाचला. 'मला मशीन चालवता न आल्यामुळे बिघाड झाला.'

घरी कापडाचे गठ्ठे पडलेले. शाळा तोंडावर. मशीन मला हवीच होती. पेनाकडं हात गेला नाही, असं खोटं सांगणार नाही. गेला.

"नाय," मी म्हणाले. "मी अडाणी हाय, हे माझ्याच सहीनं लिहून नाय देणार."

पुढची तारीख पडली आहे. तोवर शेजारणीच्या पायमशीनवर शिवते. पाय सुजतात. सुजू देत. न वाचता एकदा सही दिली, ती माझी चूक. वाचून, समजून खोट्याखाली सही देणार नाही.

त्या तारखेला मॅनेजर येईल. मी आधीच जाऊन खुर्चीवर बसलेली असेन.